शनिवारचं घर

विद्याधरमास्तरांना नाही म्हणता येत नसे. गणित शिकवण्यात बत्तीस वर्षं गेली, पण वजाबाकी काही याच्या अंगी लागली नाही, असं त्यांची थोरली बहीण दुर्गाअक्का म्हणायची. निवृत्तीनंतर ते झाशीजवळच्या बबीन्याच्या लष्करी छावणीत एका मेजरच्या मुलीला शिकवायला जात. चौऱ्याहत्तर साली मेजरची बदली झाली आणि निघताना त्याने ग्रेट डेन जातीचं दोन महिन्यांचं पिल्लू मास्तरांच्या मांडीवर ठेवलं. "मास्टरजी, ये आपके लिए." मास्तरांनी तोंड उघडलं, पुन्हा मिटलं, आणि पिल्लू घेऊन झाशीच्या बसमध्ये जाऊन बसले. आता अशा माणसाला म्हणायचं तरी काय!

खंडेराव गेटाजवळच्या दोन खोल्यांत ही दोघंच राहत. मास्तरांनी लग्न केलं नव्हतं, अक्का तरुणपणीच विधवा होऊन ग्वाल्हेरहून भावाकडे आलेली. तिने पिल्लाचे पंजे उलटेपालटे करून पाहिले. "हे पंजे आहेत की ताटल्या? अरे, एवढ्या पायांवर उद्या काय उभं राहणार आहे, काही अंदाज आहे का तुला?"

तिने त्याला बकासुर म्हटलं. दोन दिवसांत त्याचा बकू झाला आणि चौथ्या दिवशी अक्काच त्याच्यासाठी पातेलंभर दूधभात कालवायला लागली. तो पातेलं चाटून ओसरीभर ढकलत न्यायचा आणि परत येऊन अक्काच्या पायाशी उभा राहायचा. भात संपला की पोळ्या, पोळ्या संपल्या की कढईची खरवड. एकदा त्याने अक्काची वाळत घातलेली कुरडई टोपलीसकट खाल्ली. अक्काने कपाळाला हात लावला आणि संध्याकाळी त्याला शिरा करून घातला.

पाचव्या महिन्यात बकूचे पुढचे पाय वाकले. पंजे बाहेर फाकले, सांधे सुजले. उठताना तो कुईं करायला लागला. मास्तरांनी घाबरून जनावरांच्या डॉक्टरांना घरी आणलं. डॉक्टरांनी पाय चाचपले आणि गल्लीच्या तोंडाशी असलेल्या धान्याच्या दुकानातल्या काट्यावर बकूला उभं केलं.

"मास्टरजी, हड्डी अभी कच्ची है और ऊपर इतना वज़न! कम खिलाइए." मग त्यांनी अक्काला एक वाटी दाखवली. दिवसातून तीनदा, या मापाने, वर काही नाही. वाटीत काय घालायचं तेही कागदावर लिहून दिलं आणि तिला मराठीतून बजावलं, "हा मागतच राहणार, ही जातच तशी. तुम्ही बघायचं नाही. महिन्याने वजन दोन-तीन किलोंहून जास्त वाढलेलं दिसलं तर हे पाय त्याला पेलायचे नाहीत, मग माझ्याकडे इलाज नाही."

अक्काने ती वाटी देवघरातल्या कोनाड्यात ठेवली. माप म्हणजे माप. बकू समोर बसून तोंडाकडे बघतो म्हणून ती स्वतः स्वयंपाकघराचं दार लावून जेवू लागली.

मास्तरांना मात्र ते डोळे सोसवेनात. सोसवणार कसे? वडील लवकर गेले, तेव्हा मास्तर वार लावून शिकलेले. सोमवारी एकाच्या घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्याच्या. सहा वारांना सहा घरं मिळाली, शनिवारचं घर काही मिळालं नाही. शनिवारी तो दहा वर्षांचा विद्या ओळखीच्या ओसरीवर पुस्तक उघडून बसायचा. आत पानं वाढल्याचा वास यायचा आणि कोणी बाहेर बघतंय का, इकडे त्याचं सारं लक्ष. कोणी बघत नसे. बकू बघायचा अगदी तसंच.

म्हणून ते आपल्या पानातली चतकोर पोळी सदऱ्याच्या खिशात घालत. चतकोरच, त्याने काय होतंय! सकाळी चहात बुडवलेलं बिस्किट, ते काही जेवण नव्हे. फिरायला गेलं की थोडे फुटाणे, तेही जेवण नव्हे.

महिन्याने बकूला काट्यावर चढवला. चढवला कसला, चौघांनी उचलून ठेवला. सहा किलो वाढला होता. डॉक्टर मान हलवून निघून गेले.

घरी आल्या आल्या मास्तर अक्कावर उखडले. आयुष्यात पहिल्यांदा. "तूच देतेस चोरून! दुधाचं पातेलं कुठं जातं? मारून टाकायचंय का त्याला?"

अक्का थक्क झाली. "देवाशपथ सांगते विद्या, मापापलीकडे शीत घातलं नाही. दार लावून जेवतेय महिनाभर, घास उतरत नाही माझ्या घशाखाली!"

तेवढ्यात बकू धडपडत उठला. पुढचा डावा पाय मुडपला, तो पडला, पुन्हा उठला. फरफटत मास्तरांपाशी आला आणि अक्काच्या देखत त्याने सदऱ्याच्या खिशात नाक खुपसलं.

अक्काने खिशात हात घालून पोळी काढली. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने ओरडायला हवं होतं, ती खालीच बसली. "तो उपाशी नाहीये रे, विद्या," ती म्हणाली. "आपण त्याला तीनदा घालतोय."

"कळतं गं मला. पण तो बघतो ना…"

"मग तूच जा. टहरौलीला रघुनाथकडे जाऊन राहा दोन महिने. कुत्र्याला किती बांधून ठेवू मी? तुलाच बांधायला हवं." रघुनाथ त्यांचा मावसभाऊ. मास्तरांनी यालाही नाही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी बकूकडे बघितलं नाही. अक्काने दार लावून घेतलं. आतून तो दार खरवडत होता, ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होतं.

बसमध्ये ओळखीच्या कंडक्टरने तिकिटाचे पैसे मागितले. मास्तरांनी खिशात हात घातला, तर पैशांबरोबर घडी केलेली चतकोर पोळी हातात आली. सकाळी ती कधी घातली, त्यांना काही केल्या आठवेना. काल तर अक्कासमोर कान धरून शपथ घेतली होती. दोन महिन्यांनी परत येऊन तरी काय होणार होतं? हा हात काही ऐकणार नव्हता, आणि बकूचे पाय काही ते ओझं पेलणार नव्हते. मास्तरांना रडू कोसळलं.

"काए मास्साब, का हो गओ?" कंडक्टर घाबरला.

"कछू नईं, भैया," मास्तर म्हणाले, आणि पोळी परत खिशात ठेवून त्यांनी त्याला पैसे दिले.