विकत घेऊन जाळायचा खेळ

होळीच्या दिवशी दुपारी चार वाजता शेवंताकाकूंवर अन्याय झाला. गल्लीतल्या पोरांनी त्यांची ओसरीवरची लाकडी खुर्ची पळवून होळीत घातली. "होळीचं लाकूड चोरायचंच असतं," म्हणत मोठी माणसंही हसली. गुडघे धरलेल्या काकूंनी आता बसायचं कुठे, हे एकानेही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तणतणत गल्लीकरांसाठी हे पत्रक लिहायला त्यांच्या ओसरीवर गेले, तर काकू चौकटीला टेकून उभ्या, आदल्या रात्री मी त्यांना करमणुकीला दिलेल्या माझ्या फोनवरच्या खेळात रमलेल्या. त्यात शेकोटीत वस्तू टाकायच्या आणि कुठल्या दोन जोडीने जाळायच्या, ते कोडं सोडवायचं. काकूंनी घड्याळ जाळलं, बाहुली जाळली.

"काय गं, यात चोरता येत नाही?"

"नाही काकू. आधी विकत घ्यायचं, मगच जाळायचं."

"मग आपल्या गल्लीपेक्षा बरा आहे की," म्हणून त्या खळखळून हसल्या.

हा विक्षिप्त खेळ कुणी बनवला, मला ठाऊक नाही. पण ज्वाळा बघायचा आनंद दुसऱ्याचं न हिसकावताही मिळतो, हे त्याने दाखवलं आणि काकूंना हसवलं. त्या माणसाची मी ऋणी आहे.

गल्लीकरांनो, आजच काकूंना खुर्ची आणून द्या. आणि पुढच्या होळीचं लाकूड आपापल्या घरातून काढा.