हौसामावशींची वहिवाट

हौसामावशी गेल्याचं मला टँकरवाल्याकडून कळलं. फाल्गुनातली सकाळ होती. आमची टाकी तळाला गेली होती आणि मी अंगणात कान लावून बसले होते. टँकरचा आवाज आला, वळणापर्यंत आला आणि तिथंच बंद झाला. मग फोन वाजला. "ताई, टँकर आज येत न्हाय वो. वाटंवर मानसं जमल्यात. म्हातारी गेली न्हवं पहाटं..." आमच्या अंगणातून त्यांचं घर दिसत नाही, मध्ये डाळिंबाची बाग आहे. हाकेच्या अंतरावरचं माणूस गेलं आणि मला ते पाणी आणणाऱ्यानं सांगितलं. मी होते तशी निघाले. तिथं बायका बसल्या होत्या, त्यांच्यात कडेला जाऊन बसले. रडू येण्याच्या आधी माझ्या मनात दुसरंच काहीतरी आलं, त्याची मला अजून लाज वाटते. मनात आलं, आता या वाटेचं काय होणार?

आमचे हे सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात होते. नोकरी संपल्यावर त्यांनी सांगोल्याच्या बाजूला पंधरा गुंठे जागा घेतली, दोन खोल्यांसकट. जागेतली विहीर केव्हाच बुजलेली, बोअर कोरडी. जमिनीत बांधलेली सिमेंटची टाकी, वर लोखंडी झाकण, आणि टँकर येईल तेव्हा पाणी. टँकर यायचा तो हौसामावशींच्या शेतातून. जागा विकणारा म्हणाला होता, "वहिवाटीचा रस्ता आहे, काळजी करू नका." मी चौथी शिकलेली. कागद अक्षर लावून लावून वाचला. चारी बाजूंना दुसऱ्यांची शेतं लिहिलेली होती, रस्ता कुठंच नव्हता. यांना विचारलं तर म्हणाले, "कागदावर नसला म्हणून काय झालं? डोळ्यांना दिसतोय ना?" दिसत तर होता. पण जे लिहिलेलं नाही ते किती दिवस दिसत राहील, हे मला कळेना.

राहायला आल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी एक म्हातारी बाई काठी टेकत सरळ अंगणात आली. मला न बघता टाकीपाशी गेली, झाकण उचललं, आत वाकून बघितलं, झाकण परत ठेवलं आणि मग माझ्याकडे वळली. "सोलापूरची न्हवं तू? चार बोटं उतरलंय. डोक्यावरनं न्हालीस व्हय काल?" मी खरंच न्हायले होते. मी नुसती मान हलवली. ती हौसामावशी. आली तशी गेली. दुसऱ्या दिवशी परत आली. तिसऱ्या दिवशी परत. आमच्या घरात काय चाललंय ते ती पाणी बघून सांगायची. "पावनं येऊन गेलं जनू." "गोधड्या धुतल्यास की गं, आन् म्या म्हनलं आज ऊन न्हाय." एकदा म्हणाली, "काल कायच उतरलं न्हाय. भांडलाव व्हय दोघं? सैपाक केला न्हाईस?" आणि ते खरं होतं. मी तोंडाला पदर लावून हसले. तिथं राहायला आल्यापासून मी पहिल्यांदा हसले ती तेव्हा.

मला ती आवडायला लागली होती, पण यांना तिचं येणं खटकायचं. "दुसऱ्याच्या टाकीत रोज डोकावायचं म्हणजे काय? उद्या बादली घेऊन येईल." ती घोटभर पाणीसुद्धा कधी मागत नव्हती, हे मी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. माझा स्वभावच तसा, समोरचा जोरात बोलला की माझे शब्द आत जातात. यांनी बाजारातून कुलूप आणलं आणि झाकणाला लावलं.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या. कुलूप हातात धरून बघितलं, सोडलं. माझ्याकडे न बघता वळून गेल्या. मी दारामागं उभी होते. मला वाटलं, संपलं, आता त्या येत नाहीत. पण पुढच्या सकाळी काठीचा आवाज आला. टाकीपर्यंत आल्या, काठीनं झाकणावर टक् केलं आणि गेल्या. त्याच्या पुढच्या दिवशीही तसंच. आठ दिवस झाले. मला राहवेना. पाणी बघायला मिळत नाही, मी बाहेर येत नाही, आणि ही बाई रोज एवढं चालत येते ती कशासाठी?

नवव्या दिवशी मी धीर करून त्यांच्यामागं गेले. बागेच्या कडेला गाठलं. म्हटलं, "मावशी, कुलूप लावलंय... तरी तुम्ही येता?"

"मग? पान्यासाटी येत व्हते व्हय मी?" त्या थांबल्या आणि काठीनं खाली दाखवलं. "हितं बग. काय दिसतंय?"

आषाढ होता, दोन सरी पडून गेल्या होत्या. दोन्ही बाजूंना हिरवं उगवलं होतं. चाकांच्या चाकोऱ्या होत्या आणि त्यांच्या मधोमध माणूस चालेल एवढी उघडी, घट्ट जमीन.

"टँकर धा दिसानं येतो. तेवढ्यात गवात येतंय. सिदा म्हनतो, आई, हितं डाळिंबाच्या दोन वळी बसत्यात, नांगरून टाकतो. म्या म्हनलं, माजी रोजची वाट हाय. माज्या पायाखालची जागा नांगरतोस व्हय? गप बसला." सिदा त्यांचा मुलगा. मोठा, अबोल माणूस, मी त्याच्याशी कधी बोलले नव्हते.

मी विचारलं, आमच्यासाठी एवढं कशाला? त्या म्हणाल्या, "तुज्यासाटी कुटं? मी नवी नवरी व्हते तवा तुमच्या हिरीला पानी व्हतं. आमच्याकडं थेंब न्हाय. तवाचा मालक म्हनला, न्या बया, किती न्याचं ते. ह्याच वाटंनं डोक्यावर घागरी आनल्या, पोरं वाढवली, मेंढरं जगवली. तवा पानी तिकडं व्हतं आन् आमी हिकडं. आता तिकडंबी न्हाय आन् हिकडंबी न्हाय, टँकरात हाय. वाट तेवढी ऱ्हायली. ती बी बुजवायची?"

मग मी तो शब्द विचारला. वहिवाट म्हणजे नक्की काय? त्या हसल्या. "शाळंत गेलीस न्हवं तू? मी कुटं गेले. रोज जायाचं. बंद पडू द्याचं न्हाय. एवढंच."

त्या दुपारी मी कुलूप काढून पिठाच्या डब्यामागं ठेवलं. यांनी संध्याकाळी झाकण बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पाय धुवायला गेले. सकाळी मावशींनी झाकण उचललं, आत वाकल्या. "कुलूप व्हतं तवा लई उधळलंस की गं पानी. बगायला कोन न्हवतं म्हनून?"

अशी दोन वर्षं गेली. शेवटी शेवटी त्या अर्ध्यात थांबून दम घ्यायच्या, टाकीच्या झाकणावर बसायच्या. मी चहा द्यायचे. "साखर कमी घाल, तुज्या हातात साखर लई हाय," म्हणायच्या आणि सगळा प्यायच्या. ताप आला ते चार दिवस तेवढे आल्या नाहीत. मी आज जाईन, उद्या जाईन करत राहिले. दुसऱ्याच्या घरी जायला मला संकोच वाटतो... चौथ्या दिवशी तो टँकर वळणावर थांबला.

तेरावा झाला आणि मी चालायला लागले. त्या तिकडून इकडं यायच्या, मी इकडून तिकडं. त्यांच्या दारापर्यंत जायचं आणि परत. पहिल्या दिवशी सिदाची बायको बाहेर आली. "काय पायजे काकू?" म्हटलं, काही नाही. आणि परत फिरले. तिसऱ्या दिवशी तिनं ताकाचा तांब्या हातात दिला, तिला वाटलं मागायला लाजते. पाचव्या दिवशी कोथिंबीर दिली. मला सांगता येईना की मला काही नको आहे. आठवड्यात माझ्याकडे त्यांची निम्मी भाजी आली.

मग चैत्रात एके सकाळी ट्रॅक्टरचा आवाज आला. उन्हाळी नांगरट. मी अंगणातून बघत राहिले. नांगराचा एकेक तास वाटेकडे सरकत होता. हे गावात गेले होते. मी फोन हातात घेतला, ठेवला. नांगर वाटेवर चढला आणि एका बाजूची चाकोरी उलटली. काळी ढेकळं वर आली. मी कधी धावत गेले मला आठवत नाही. ट्रॅक्टरच्या समोर जाऊन उभी राहिले. सिदानं ब्रेक दाबला.

"काकू, बाजूला व्हा की! लागलं असतं."

मला खूप बोलायचं होतं. तुमची आई, घागरी, विहीर, सगळं. तोंडातून एवढंच आलं, "टँकर..."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मागं वळून नांगरलेल्या पट्ट्याकडे बघितलं. मग म्हणाला, "तुमी रोज येता, त्ये भाजीसाटी न्हवं तर."

मी मान हलवली.

"आईनं सांगितलं व्हतं व्हय?"

मी परत मान हलवली, या वेळी नाही म्हणून. तू चाल, असं त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं.

त्यानं नांगर वर उचलला आणि ट्रॅक्टर त्या ढेकळांवरून नेला, मग मागं घेतला, परत नेला. टायरखाली ढेकळं फुटत होती. चार-पाच वेळा तसं केलं. मग खाली उतरून पायानं दाबून बघितलं.

"जाईल टँकर. पन तुमी उद्याबी या. कुनी आलं न्हाय तर मलाबी मोह व्हतोय, दोन वळींचा."

दुसऱ्या दिवशी मी चपला काढून गेले. माती अजून मऊ होती, टाच रुतत होती. त्यांच्या दारापर्यंत गेले, परत आले, आणि आणखी एकदा जाऊन आले.