ताईला सगळं जमतं

ऑफिसात त्याला सगळे टक्केसाहेब म्हणायचे आणि ते त्याला मनापासून आवडायचं. अपंगांना नोकरी मिळवून देणाऱ्या केंद्रांवर सरकार जो खर्च करतं, त्याचं चीज होतं की नाही हे आकड्यांतून दाखवणं हे त्याचं काम. हुद्दा विश्लेषक. विश्लेषक म्हटलं की लोकांना वाटतं, कोणीतरी मोठा विद्वान असणार. तसं काही नसतं. केंद्रांकडून आलेली माहिती चाळायची, कुणाला काम लागलं, कुणाचं टिकलं, कुणाचं सुटलं याचे तक्ते करायचे, आणि वरच्यांना जे ऐकायचं असेल तेच तक्त्यातून ऐकू येईल असं बघायचं. या शेवटच्या कामात त्याचा हात धरणारा सबंध मजल्यावर कोणी नव्हता. इतक्या वर्षांत त्याने त्या ऑफिसात एकही अपंग माणूस आलेला पाहिला नव्हता, कारण इमारतीत पायऱ्या आधी होत्या आणि लिफ्ट नंतर. हे कोणाला खटकत नव्हतं, त्यालाही नाही.

घरात मात्र एक होतं. त्याची थोरली बहीण.

ताईला जन्मापासून जेमतेम दिसायचं. उजेड कुठून येतोय, समोर कोणी उभं आहे की नाही, एवढंच. ती लहान असताना एका काकांनी सुचवलं की अशा मुलांसाठी दूर एक संस्था आहे, तिथे ठेवा, तुम्हीही सुटाल आणि तीही. काका गेल्यावर आईने ताईला समोर बसवून बजावलं, "कोणीही विचारू दे, जमतं का, तर जमतं म्हणायचं. नाही जमत म्हणालीस की घेऊन जातील तुला." पोरीने ते काळजावर कोरून घेतलं. पाहुणे यायचे, तोंडाने चुकचुकायचे, विचारायचे, "कसं गं जमतं तुला?" आणि ताई हसून म्हणायची, "जमतं की." एकदा असंच "जमतं की" चाललेलं असताना परकराखाली तिच्या नडगीतून रक्त वाहत होतं, वाटेतल्या बादलीला धडकून. पाहुणे गेल्यावर ते रक्त पुसलं होतं याच भावाने. म्हणजे "जमतं" या उत्तराच्या पोटात काय असतं, हे त्याला चड्डी घालायच्या वयापासून ठाऊक होतं.

त्याचं गणितही तिनेच पक्कं केलं. तिला पुस्तक दिसत नव्हतं, पण तो मोठ्याने पाढे म्हणायचा ते ऐकून तिचे त्याच्या आधी पाठ झाले. मग तो म्हणायचा आणि ती तपासायची. अडला की गप्प बसायचा, आणि ती म्हणायची, "पाढा अडला वाटतं." मागून टपली मारायची, नेम न चुकता. पुढे तो शिकला, साहेब झाला. आई गेल्यावर ताई त्याच्याकडे राहायला आली आणि मागच्या खोलीत एका खुर्चीवर बसून राहू लागली. भाऊ-भावजय वाईट वागत होते असं नाही. ते तिला वेळेवर जेवायला वाढत होते आणि बाकी वेळ विसरून जात होते.

त्या खुर्चीतून ताईला उठवलं ते एका केंद्राने. भावाने नव्हे, भावजयीने कुठेतरी वाचून फोन केला होता. रुग्णालयांच्या चादरी धुणाऱ्या एका मोठ्या लाँड्रीत ताईला घड्या घालायचं काम लागलं. आणि केंद्राने सोबत दिली एक सोबतीण. घोगऱ्या आवाजाची, खळखळून हसणारी बाई. ती रोज सकाळी कोपऱ्यावर उभी असायची, ताईला मोठा रस्ता ओलांडून द्यायची आणि लाँड्रीत शिरल्यावर सबंध हॉलमधून एकदा फिरवून आणायची. कारण लाँड्रीतल्या वस्तू जागेवर राहत नाहीत. आज ढकलगाडी इथे, उद्या तिथे. कधी चादरींना इस्त्री करणारं गरम रुळाचं यंत्रच सरकवलेलं. सोबतीण ताईचा हात धरून प्रत्येक गोष्ट दाखवायची, मग आपल्या वाटेने निघून जायची. त्यानंतर संध्याकाळी ती रस्ता ओलांडून द्यायला परत येईपर्यंत ताईला कोणाची गरज पडत नसे.

एवढ्या वयात पहिल्यांदा ताई घरी येऊन गप्पा मारू लागली. मुकादम कोणावर ओरडला, कोणाचं लग्न ठरलं, कोणाची सासू छळते. तिच्या कपड्यांना गरम सुताचा वास यायचा. जेवताना ती म्हणायची, "उद्या लवकर निघायचंय हं मला," आणि त्या वाक्याची चव घेतल्यासारखी हसायची. ही नोकरी गेली तर तिच्याकडे परत ती खुर्चीच उरणार होती, आणि हे घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं.

तर अशात एक दिवस संचालकबाईंनी टक्केसाहेबांना बोलावलं. सोबतिणींवरचा खर्च फार वाढलाय, तो खाली यायला हवा. "पण कपात केली असं दिसता कामा नये," बाई म्हणाल्या. "लोकांना मदतीची गरज उरली नाही, असं दिसलं पाहिजे."

गरज किती आहे हे दरवर्षी फोनवरून प्रश्न विचारून ठरायचं. आजवर विचारायचे, "तुम्हाला यात काय अडचण येते?" टक्केसाहेबांनी दुसरा प्रश्न काढला, "तुम्हाला हे जमतं का?" आणि दोन्ही प्रश्न थोड्या थोड्या लोकांना विचारून पाहिले. काम तेच, माणसं तशीच, पण दुसऱ्या प्रश्नाला गरज धाडकन खाली आली. बैठकीत सगळे चक्रावले. असं का व्हावं? कोणी म्हणालं योगायोग, कोणी म्हणालं प्रश्न सोपा आहे म्हणून. त्या खोलीत खरं कारण त्याला एकट्यालाच माहीत होतं, आणि तो मूग गिळून बसला. जन्मभर ज्यांना कोणी ना कोणी दटावून "जमतं" म्हणायला लावलंय, ती माणसं दुसरं काय म्हणणार? त्याने घरातल्या माणसाकडून शिकलेली गोष्ट सरकारला विकली होती. नवा प्रश्न मंजूर झाला. ज्यांना जमतं त्यांच्या नावापुढे "स्वावलंबी" लागायचं आणि सोबतीण बंद व्हायची. संचालकबाईंनी त्याची पाठ थोपटली, त्याला वरची जागा मिळाली आणि खिडकीजवळचं टेबल.

ताईच्या फोनची वेळ आली तेव्हा त्याची बायको चार दिवस मागे लागली होती.

"अहो, तुम्ही तिला सांगून ठेवा ना. अडचणी सांग म्हणावं."

"तसं शिकवता येत नाही. नियम आहे."

"नियम तुम्हीच केलाय ना?"

"म्हणून तर," तो म्हणाला. "उद्या कोणी बोट दाखवलं की बघा, याने स्वतःच्या बहिणीला पढवलं, तर?"

बायकोने भांडी जरा जोरात आपटली.

फोन आला तेव्हा तो समोरच चहा पीत बसला होता. ताई ताठ बसली, पाहुण्यांसमोर बसायची तशी. फोनवरची मुलगी विचारत गेली. रस्ता ओलांडणं जमतं का? "जमतं." कामाच्या ठिकाणी एकटीने वावरणं जमतं का? "जमतं की." जागा बदललेली वस्तू शोधणं? "जमतं." मध्येच ताईने फोनवर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "बरोबर बोलतेय ना रे मी?"

एका शब्दाचं काम होतं. तो म्हणाला, "हो."

केसाने गळा कापणं म्हणतात ते याला. आणि कापणाऱ्याने वर चहाचा घोटही घेतला.

पुढच्या आठवड्यापासून कोपऱ्यावर सोबतीण नव्हती. ताई म्हणाली, सुट्टीवर असेल. मग केंद्रातून कळलं की तुम्ही आता स्वावलंबी झालात, अभिनंदन. ताईला क्षणभर अभिमानच वाटला. काही दिवस तिने तसेच काढले. रस्त्यावर कोणाच्या तरी पावलांमागून जायची, लाँड्रीत भिंतीच्या कडेने. मग एका सकाळी गरम रुळाचं यंत्र सरकवून तिच्या टेबलाजवळ आणलेलं होतं. कोणी सांगितलं नाही, कारण सांगणं हे कोणाचंच काम नव्हतं. ताईने चादरींचा गठ्ठा ठेवायला टेबल चाचपलं आणि उजवा हात सबंध रुळावर टेकवला.

तळहाताची कातडी निघाली. बोटं आखडून बसली ती परत सरळ झालीच नाहीत. मुकादम घरी येऊन गेला, फळं ठेवून गेला, आणि जाता जाता काखा वर करून म्हणाला, "सोबतीण असती तर ठेवलं असतं हो. एकटीची जबाबदारी कोण घेणार?" विभागाच्या तक्त्यात मात्र ताई यशस्वीच होती. तिची सोबतीण बंद झाली त्या दिवशीच तिची मोजणी संपली होती, त्यानंतरचं काही मोजायचं नाही अशीच पद्धत होती. ती पद्धतही टक्केसाहेबांचीच.

ताई परत खुर्चीत बसली. पण या वेळी तिने आशा सोडली नव्हती. डाव्या हाताने ती टॉवेलच्या घड्या घालून बघायची, भावजयीला दाखवायची. एकदा तिने भावाला विचारलं, "सोबतीण परत मिळाली तर मुकादम घेईल मला. तुझ्या ऑफिसात सांगून बघशील?"

फेरतपासणी मागता येत होती. त्याने अर्ज केला. एवढं तरी केलं म्हणायचं. फोन येणार त्या संध्याकाळी तो ताईजवळ खुर्ची ओढून बसला. बायको दारात उभी होती.

"ताई, या वेळी ते विचारतील ना, जमतं का, तर नाही जमत म्हण. सगळ्याला."

ताई म्हणाली, "आणि मागच्या वेळी?"

"मागच्या वेळी जाऊ दे."

"मागच्या वेळी मी तुला विचारलं होतं. बरोबर बोलतेय ना म्हणून."

"अगं, तो प्रश्नच तसा केलेला आहे. तुझ्यासारखी माणसं हो म्हणणार हे गृहीत धरूनच केलाय."

"माझ्यासारखी म्हणजे कशी, हे ऑफिसातल्या माणसाला कुठून कळलं?"

तो गप्प. ताईला दिसत नव्हतं, पण ही शांतता तिच्या चांगल्या ओळखीची होती. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. ओरडली नाही, रडली नाही. आखडलेला हात तिने मांडीवर नीट ठेवला, आणि फोन वाजला.

"रस्ता ओलांडणं जमतं का तुम्हाला?" फोनवरच्या मुलीने विचारलं.

"जमतं," ताई म्हणाली.

त्याला वाटलं, सवयीने निघून गेलं तोंडातून. त्याने घाईघाईने तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो डाव्या हाताने उचलला आणि बाजूला केला.

"कामाच्या ठिकाणी एकटीने वावरणं?"

"जमतं."

"हाताला दुखापत झाल्याचं लिहिलंय इथे. त्या हाताने काम करणं जमतं का?"

"जमतं की."

"ताई," तो कळवळून म्हणाला, "अगं, तुझीच नोकरी आहे ना ती."

तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मुलीने शेवटचं विचारलं की घरी लक्ष द्यायला कोणी आहे का. "आहे ना," ताई म्हणाली. "भाऊ आहे माझा. फार हुशार आहे. मीच शिकवलंय त्याला." मुलीने गोड आवाजात आभार मानले, तुमच्यासारख्यांकडे बघून आम्हालाही बळ येतं असं म्हणाली आणि फोन ठेवला.

ताईने तोंड भावाकडे वळवलं, तो नक्की कुठे बसलाय हे ओळखून.

"बरोबर बोलले ना रे मी?"

दारातली बायको त्याच्याकडे बघत उभी होती. ताईने बराच वेळ वाट पाहिली.

"पाढा अडला वाटतं," ती म्हणाली. मग उठली, आणि भिंतीला हात लावत लावत आपल्या खोलीत गेली.