आठे कोनी शे का?

"एक मिनिट हां, ताई," म्हणत भाऊ उजव्या हाताचं एक बोट वर करायचे आणि मान खिडकीकडे वळवायचे. ते बोट वर गेलं की मी समजून जायचे, आजचं काम बुडालं. भाऊंचं मिनिट म्हणजे कधी एक चहा, कधी अख्खी दुपार आणि एकदा तर थेट शिरपूर. तिथल्या कुणाच्या तरी लग्नातून दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, "ताई, कालच्या पानावर एक काना राहिलाय बघा."

जळगावात स्टँडजवळ माझं टायपिंग आणि छपाईचं दुकान आहे. भिंतीवर कामांची यादी असते. काम झालं की मी रेघ मारते, आणि ती रेघ मारताना मला बरं वाटतं. भाऊंची कादंबरी त्या यादीत इतके दिवस राहिली, की एका गिऱ्हाइकाने ते दुकानाचंच नाव समजून त्यावर पावती मागितली.

भाऊ यावलच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. त्यांचे विद्यार्थी सांगतात, तास तापी नदीने सुरू व्हायचा आणि घंटा व्हायची तेव्हा गुरुजी कुणाच्या तरी मामाच्या भांडणात असायचे. असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. त्याच्या गमती तुम्ही हसून सांगत असाल. मी हसत नाही. मला भाऊंचा राग आहे, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

रागाचं खरं कारण हे, की त्यांनी लिहिलेली माणसं जिवंत असायची. पान टाइप झालं की मी ते मोठ्याने वाचायचं आणि भाऊंनी डोळे मिटून ऐकायचं, अशी रीत होती. लिहिणं सगळं शुद्ध मराठीत, पण निकाल मात्र घरच्या अहिराणीत. पात्र खरं उतरलं असेल तर म्हणायचे, "शे." म्हणजे, आहे. नसेल तर, "नही शे, ताई." की पान रद्द! माझी सकाळ रद्द!

कादंबरी सिंधू नावाच्या बाईची होती. सिंधू नवऱ्याशी तावातावाने भांडते, ते प्रकरण मी टाइप करून संपवलं, आणि नेमकी त्याच वेळी दुकानासमोर जांभळं विकणारीची रिक्षावाल्याशी जुंपली. बोट वर गेलं. भाऊ बाहेर. परत आले ते जांभळाने जिभेचा रंग बदलूनच. "ताई, ती बाई फार चिडली ना, तेव्हा गप्प झाली. पदराचं टोक दातात धरलं आणि जांभळं पुन्हा पुन्हा रचत बसली. आपली सिंधू किती बोलते हो! ती खोटी आहे."

"भाऊ, पंधरा पानं झालीत माझी."

"मग चांगलंच की. कुठे चुकलं ते कळायला पंधरा पानं लागली."

नवी पानं आली. त्यात सिंधू एक शब्द बोलत नव्हती आणि मला वाचताना भीती वाटत होती.

धुळ्याच्या एका प्रकाशकांना आम्ही भेटायला निघालो, तेव्हा तर कळसच झाला. भेट मी जमवलेली, तिकिटं मी काढलेली. बसमध्ये आमच्या पुढच्या बाकावर एक बाई होती. शेजारच्या जागेवर तिने टॉवेल टाकून ठेवला होता. असं टॉवेल-रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांशी मी आयुष्यभर भांडत आले आहे. एरंडोलला गर्दी चढली. जो तो विचारी, "आठे कोनी शे का?" इथे कुणी आहे का? आणि बाई प्रत्येकाला एकच शब्द सांगे, "शे." लोक कुरकुरले, पण उभे राहिले. बसलं कुणीच नाही. पारोळं आलं तरी टॉवेल टॉवेलच. बाईने तो झटकला, घडी घातली आणि उतरली.

बोट वर गेलं. "एक मिनिट हां, ताई."

"भाऊ, खबरदार उतराल तर!"

उतरले. धुळ्यात प्रकाशकांसमोर मी एकटीच बसले. लेखक कुठे आहेत, या प्रश्नाला 'पारोळ्याला एका टॉवेलच्या मागे गेलेत' हे उत्तर सभ्य माणसाला देता येत नाही. ते म्हणाले, पूर्ण करून आणा, मग बघू.

दुसऱ्या दिवशी स्वारी दुकानात हजर. "विचारलं मी तिला, कोण येणार होतं?"

"मग?"

"म्हणाली, 'तुले काय करनं शे?'" भाऊ खूश होऊन हसले. "पण बघा ताई, जागा रिकामी होती. ती नुसतं 'शे' म्हणाली आणि अख्ख्या बसने मानलं. गोष्टीतलं माणूस असंच लिहिता आलं पाहिजे."

त्यातून सिंधूला सुरतेला गेलेला भाऊ मिळाला, ज्याच्यासाठी ती प्रत्येक प्रवासात जागा धरते. एकच प्रकरण उरलं. तो येतो की नाही? आमचे भाऊ लिहीत आणि फाडत. येतो, तेही नही शे. येत नाही, तेही नही शे.

मध्येच त्यांच्या छातीत दुखू लागलं. डॉक्टरांची वेळ मी घेतली, भिंतीवर लाल शाईने लिहिली. भाऊ दवाखान्यात गेले. तिथे बाकावर एक म्हातारा आपल्या आजारी बायकोची वेणी घालत होता, त्याला ती जमत नव्हती. भाऊ बघत बसले, मग त्यांच्यासाठी चहा आणायला गेले. यांचं नाव पुकारलं गेलं आणि नंबर टळला. तपासणी न करता परत आले, ते वेणीवरचा एक परिच्छेद घेऊन.

परिच्छेद उत्तम होता. हाच तर संताप आहे.

दुसरी वेळ मिळाली होती. त्याआधीच भाऊ गेले.

शोकसभेत साहित्य मंडळाच्या अध्यक्षांनी जाहीर केलं, "दिवंगतांचं अपूर्ण कार्य मी पूर्ण करीन." यांनी भाऊंना शाली दिल्या होत्या, पान एक वाचलं नव्हतं. आठवड्यात शेवटचं प्रकरण माझ्या टेबलावर. सुरतेचा भाऊ साडी घेऊन बसमध्ये चढतो, सिंधू ओक्साबोक्शी रडते आणि सगळी बस टाळ्या वाजवते. टाळ्या! बोदवडपासून धुळ्यापर्यंत कुठल्या एसटीने कधी टाळ्या वाजवल्या आहेत?

ते पान घेऊन मी वहिनींकडे गेले. भाऊंच्या पत्नी, नवऱ्याचं एक अक्षर त्यांनी कधी वाचल्याचं मला माहीत नव्हतं. त्या मेथी निवडत होत्या. मी मोठ्याने वाचलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"नही शे," वहिनी म्हणाल्या आणि पुढची जुडी सोडली.

अध्यक्षांना मी फोन केला. ते म्हणाले, "ताई, तुम्ही तर एवढ्या व्यवस्थित बाई. रिकामी जागा कुणीतरी भरायला नको का?"

"ती रिकामी नाही," मी म्हणाले आणि फोन ठेवला. अध्यक्षांचा राग होताच, पण जो माणूस मला हे बोलायला लावून स्वतः निघून गेला, त्याचा जास्त होता.

कादंबरी आहे तशी द्यायची ठरवून मी धुळ्याची बस धरली. खिडकीशी बसले आणि शेजारच्या जागेवर हस्तलिखिताची फाइल ठेवली. एरंडोलला गर्दी चढली. एक माणूस वाकून म्हणाला, "ताई, आठे कोनी शे का?"

"शे."

त्याने फाइलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "कोठे शे?"

मी उजव्या हाताचं बोट वर केलं. "एक मिनिट," म्हणाले, आणि मान खिडकीकडे वळवली.