सासूबाई आणि मनोऱ्यातली लिफ्ट

आमच्या सासूबाईंना उंचीचं वेड आणि मला उंचीची धास्ती. घरातला बल्ब गेला की स्टूल मी धरतो आणि वर त्या चढतात. शेजारचे हसतात, हसू देत. आपल्या पायांना काय झेपतं हे ज्याचं त्याने ओळखून असावं.

त्या हॉस्पिटलात लिफ्ट चालवायच्या. बटण दाबलं की आपोआप पोचवणारी आजची लिफ्ट नव्हे. जाळीचं सरकतं दार, पितळी दांडा आणि दांडा धरून उभ्या सासूबाई. तळमजल्यावरून पाचव्यावर, पाचव्यावरून तळमजल्यावर. पाचव्यावर ऑपरेशन थिएटर होतं, त्यामुळे वर जाणारा प्रत्येक जण जीव मुठीत धरून असायचा. त्याला त्या म्हणायच्या, "वर बघू नका, खाली बघू नका, माझ्याकडे बघा. आत्ता पोचतो." मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो आणि खुर्चीच्या टोकावर घाम पुसत बसलो, तेव्हा मलाही त्यांनी हेच ऐकवलं होतं. मी खरोखर त्यांच्याकडे बघत बसलो आणि माझी होणारी बायको आतून फिदीफिदी हसली.

सासरे तळघरातल्या एका छापखान्यात जुळारी होते, शिशाचे खिळे जुळवायचे. दिवसभर एक जमिनीखाली आणि एक अधांतरी, आमची भेट संध्याकाळी जमिनीवर, असं ते स्वतःच सांगायचे आणि स्वतःच हसायचे. आभाळ बघायचं तर सुट्टीच्या दिवशी, आणि सुट्टीच्या दिवशी ते झोपायचे.

त्यांच्या छातीचं ऑपरेशन ठरलं त्या दिवशी सासूबाईंची ड्युटी होती. दुसऱ्या पाळीची बाई म्हणाली, "ताई, आज मी उभी राहते." सासूबाई म्हणाल्या, "माझ्या माणसाला मीच नेणार." सलाईनची बाटली उंच धरून मी स्ट्रेचरशेजारी उभा होतो. सासऱ्यांनी वर पाहिलं नाही, खाली पाहिलं नाही, पाचवा मजला येईपर्यंत बायकोकडे पाहिलं. लिफ्ट थांबली. सासूबाईंनी जाळी उघडली, आम्ही स्ट्रेचर बाहेर काढलं. तेवढ्यात खालून घंटा वाजायला लागली. कुणी बाळंतपणाला आली होती आणि घंटा वाजवणाऱ्याला धीर नव्हता. सासूबाईंनी एकदा स्ट्रेचरकडे पाहिलं, जाळी ओढली आणि दांडा फिरवला. मी मागे वळून बघितलं, तर जाळीपलीकडे आधी त्यांचे पाय दिसेनासे झाले, मग हात, शेवटी चेहरा.

सासरे त्या लिफ्टने परत आले नाहीत. मागच्या बाजूला दुसरी लिफ्ट होती, गेलेल्यांची. त्या दिवसाचं बोलणं आमच्या घरात पुन्हा निघालं नाही. मी एकदा विषय काढायला गेलो, तर "राहू दे ते," एवढंच म्हणून त्या उठून गेल्या. त्यानंतर माझी हिंमत झाली नाही.

महिन्याभराने, एका रविवारी, त्या चपला घालून दारात उभ्या. "मला त्या पार्कात घेऊन चला."

"कशाला?"

"दिवसभर मी लोकांना वर नेते. मला कुणीतरी न्यावं की."

आमच्या शहराबाहेर थीम पार्क आहे. तिथे लाकडी रोलर कोस्टर होता, त्याला सगळे 'म्हातारी' म्हणायचे. उघड्यावरचा चढ, साखळीची खडखड आणि वर पोचलं की सरळ खाली झेप. माझ्या बायकोला बसमध्येसुद्धा मळमळतं, म्हणून सोबतीला मी. सोबत म्हणजे खाली उभं राहून त्यांची बॅग धरणं. सासूबाई दोन्ही हात वर करून खाली यायच्या, केस पिंजारलेले, डोळ्यांत पाणी, आणि थेट पुन्हा रांगेत. मी बॅग छातीशी धरून आ वासून बघत राहायचो. ही बाई लेकीला जळत्या गॅसजवळ पदर खोचून उभं राहायला सांगते, रस्ता ओलांडताना माझा दंड धरते, आणि इथे चक्क हात सोडते!

हळूहळू तिथे त्यांची टोळी जमली. एक बेकरीवाला, त्याला पुढचीच सीट लागायची आणि त्यासाठी तो कितीही वेळ उभा राहायचा. एक हिशोबनीस, जो प्रत्येक फेरी घड्याळ लावून मोजायचा. एक पाट्या रंगवणारा, ज्याला वेगाशी देणंघेणं नव्हतं, रंगावरून तेवढा तो भांडायचा. सासूबाई सगळ्यांच्या 'मावशी'. रिटायर झाल्यावर तर त्यांचा आठवडा रविवारीच सुरू व्हायचा आणि रविवारीच संपायचा.

म्हातारीचं लाकूड कुजलं. पार्कवाल्यांनी तिला उतरवायचं ठरवलं आणि जागेवर नवी राईड जाहीर केली, 'मनोरा'. टोळीच्या मोबाईल ग्रुपवर हलकल्लोळ माजला. उंटावरून शेळ्या हाकणारे तर गावोगावचे होते. ज्यांनी पार्क पाहिलाही नव्हता ते वळण कुठे असावं हे सांगत होते. शेवटी पार्कवाल्यांनी नेहमीच्या चाहत्यांना बोलावलं. आराखडा अजून पक्का व्हायचाय, मतं सांगा म्हणाले.

एका हॉलमध्ये टेबलावर मनोऱ्याची प्रतिकृती होती. मी बॅग धरायला गेलो होतो, पण तिच्यावर मीही वाकलो. काडीएवढे खांब, त्यांच्यातून वळत गेलेला केसासारखा बारीक रूळ आणि मधोमध सरळसोट उभा काळा मनोरा. माणसं शेजारी ठेवली होती, तांदळाच्या दाण्याएवढी. त्या दाण्यांतला एक आपण, असं मनात आलं आणि मी टेबलापासून मागे सरकलो.

आराखडा करणारी इंजिनिअर तरुण होती, हातात वही-पेन घेऊन सगळ्यांचं ऐकत होती. बेकरीवाला म्हणाला, "उतार अजून खडा हवा. हा तर घसरगुंडीचा आहे."

पाट्या रंगवणारा म्हणाला, "रूळ जांभळे? लांबून वांग्याचं शेत दिसेल."

"रंग बदलू," ती म्हणाली. "उतार मात्र वाटतो त्यापेक्षा वाईट आहे, खात्री बाळगा."

मग हिशोबनीसाने मनोऱ्यावर बोट ठेवलं. "याच्यात गाडी चढते कशी?"

"लिफ्टने," ती म्हणाली. "अख्खी गाडी एका बंद डब्यात शिरते. दार लागतं, अंधार होतो आणि डबा सरळ वर जातो. वर पलीकडचं दार उघडतं. चढ घालायला इथे जागाच नाही. वर जाताना राक्षसाचा आवाज ऐकवणार आहोत, गडगडाटी हसणं वगैरे."

लिफ्ट म्हटल्याबरोबर सगळ्या माना सासूबाईंकडे वळल्या. निम्म्यांना कल्पना आवडली होती, निम्म्यांना नाही, आणि मावशी काय म्हणतात यावर सगळं अडलं होतं. सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला होता.

"हा डबा काढा," त्या म्हणाल्या.

"मावशी, त्याच्याशिवाय राईडच उभी राहणार नाही."

"मग मी बसणार नाही." त्यांनी माझ्या हातातून बॅग घेतली. दाराशी जाऊन पुन्हा वळल्या. "बाकीचे बसतील, त्यांच्यासाठी सांगते. तो राक्षस तेवढा गप्प करा. वर जाताना माणूस आधीच घाबरलेला असतो. त्याला आणखी काय घाबरवायचं?"

इंजिनिअरने ते लिहून घेतलं.

म्हातारी पाडली. मनोरा चढत गेला, आणि आमच्या घरातला रविवार मेला. सासूबाई डाळ निवडत बसायच्या, निवडलेलीच पुन्हा निवडायच्या. फोन आले तर "गुडघा दुखतोय" म्हणायच्या. गुडघा ठणठणीत होता. बायको मला म्हणाली, "अहो, काहीतरी करा. आई अशी बसून राहिली तर बसूनच जाईल." मला ते दिसत नव्हतं थोडंच? सासरे गेल्यावर ज्या एका गोष्टीने त्यांना उभं केलं होतं, तिच्यातच आता नेमकी लिफ्ट येऊन बसली होती. यापुढे त्या कुठेच जाणार नाहीत, या भीतीने मला झोप लागेना.

मनोऱ्याचा शेवटचा तुकडा बसवायचा त्या दिवशी मी भाजीच्या निमित्ताने त्यांना पार्कच्या कुंपणापर्यंत नेलं. टोळी तिथे होतीच. क्रेनने तो तुकडा उचलला, घराएवढा, आणि तो वर वर जात शेवटी पानाएवढा झाला. तुकडा जागेवर बसला तेव्हा वरून टण्‌ असा आवाज जरा उशिरा आला. सासूबाई मान मागे टाकून बघत होत्या. "केवढं केलंय हो माणसांनी," त्या पुटपुटल्या आणि लगेच म्हणाल्या, "चला, भाजी घ्यायचीय."

उद्घाटनाच्या सकाळी पहिली फेरी चाहत्यांची होती. चहा पिताना मी म्हणालो, "मी जाऊन येतो. बसणार आहे."

बायकोच्या हातातली बशी वाजली. सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही? जावईबापू, तुम्हाला गच्चीवर वाळत घालायला पाठवलं तर कपडे ओले परत आणता."

"म्हणूनच. बॅग धरायला कुणीतरी हवं."

सासूबाई उठून चपला घालायला गेल्या, मागोमाग बायकोही.

मी गाडीत बसलो तेव्हा पाचावर धारण बसली होती. खांद्यावरचा दांडा खाली आला, आणि बाजूची सीट रिकामी. सासूबाई कठड्याशी माझी पिशवी आणि स्वतःची बॅग धरून उभ्या. मी हसायचा प्रयत्न केला. ते हसू कसं दिसलं असेल देव जाणे, कारण त्यांनी दोन्ही पिशव्या बायकोच्या गळ्यात अडकवल्या आणि आल्या. "पाय घ्या आत," म्हणाल्या आणि शेजारी बसल्या. पुढच्या सीटवरून बेकरीवाला ओरडला, "मावशी आल्या!"

गाडी मनोऱ्यात शिरली. मागे दार लागलं. अंधार असा की डोळे उघडे की मिटलेले कळेना. राक्षस नव्हता, संगीत नव्हतं. डबा हलला आणि आम्ही वर निघालो, हळू, आवाज न करता. सासूबाईंचा श्वास मला ऐकू येत होता, तुटक तुटक. माझ्या मनात आलं, मी काय करून बसलो! मागे कुणीतरी मुसमुसायला लागलं. कुणी "थांबवा, थांबवा" म्हणालं. बेकरीवाला, पुढची सीट मिळवलेला, देवाचं नाव घेत होता.

आणि माझ्या शेजारून खणखणीत आवाज आला.

"वर बघू नका, खाली बघू नका, माझ्याकडे बघा. आत्ता पोचतो."

"मावशी, काही दिसत नाहीये हो!" हिशोबनीस काकुळतीला आला होता.

"मग ऐका नुसतं. लिफ्ट चांगली आहे. धक्का नाही, खरखर नाही. चालवणाऱ्याचा हात चांगला आहे." त्यांचा श्वास एकसारखा झाला होता. "आलं. आता थांबेल. दार उघडेल."

डबा थांबला. समोरचं दार उघडलं.

आभाळ एकदम अंगावर आलं. गाडी दाराबाहेर सरकली आणि टोकावर थांबली, पुढे वाकून. खाली काही नव्हतंच. लांबवर नदीचं वळण, पूल, आमच्या गल्लीची कौलं, हॉस्पिटलची गच्ची आणि तिच्यावर वाळत घातलेल्या चादरी. ढगाची सावली शहरावरून चालत होती आणि ती कुठे संपते तेही दिसत होतं. घाबरायचं मी विसरलो. एवढं सगळं रोज इथेच असतं आणि आपण त्याच्या तळाशी भाजी घेत फिरतो, एवढंच मला सुचलं. सासूबाईंनी हात वर केले नाहीत. माझा हात घट्ट धरला होता.

मग गाडी सुटली. पुढचं मला सांगता येणार नाही. मी ओरडलो असं बायको म्हणते. खालपर्यंत ऐकू आलं म्हणते.

उतरल्यावर सगळे सासूबाईंभोवती जमले. ती इंजिनिअरही आली. "मावशी, मत?"

सासूबाईंनी केस सारखे केले. "लिफ्ट राहू दे," त्या म्हणाल्या. टोळीने टाळ्या वाजवल्या आणि उताराबद्दल भांडायला सुरुवात केली.

आम्ही बाकावर बसलो. सासूबाई मनोऱ्याच्या टोकाकडे बघत होत्या.

"दार उघडलं की मी कायम खालीच गेले हो," त्या म्हणाल्या. "पाचव्या मजल्यावर मी कधी उतरलेच नाही." मग माझ्याकडे वळल्या, "त्या दिवशी तुम्ही बाहेर गेलात ह्यांच्याबरोबर. काय होतं तिथे?"

इतक्या वर्षांनी त्यांनी विचारलं.

"लांब व्हरांडा होता, आई," मी म्हणालो. "शेवटी मोठी खिडकी, छतापर्यंत. बाबांनी वॉर्डबॉयला थांबायला सांगितलं. तिकडे मान वळवली आणि बघत राहिले. म्हणाले, 'केवढं आभाळ आहे!' घाबरलेले नव्हते. मला म्हणाले, 'हिला सांग, हिला दाखवायला हवं होतं.'"

सासूबाईंनी पदराने डोळे पुसले, बॅग माझ्या मांडीवर ठेवली आणि पुन्हा रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.