वाढलेलं क्रिएटिनीन

आमच्या औंढ्याच्या तालमीत पावडर खाणाऱ्याला आखाड्यात उतरू देत नाहीत. हा नियम माझ्या वडिलांनीच घातलेला; आबा तिथले वस्ताद. जत्रेत चारचौघांत ते माझ्या दंडावर थाप मारायचे, "ह्ये बगा, निस्तं दूध अन् बदाम!" मी लाजल्यासारखं हसायचो. क्रिएटिन पावडरचा डबा लोणावळ्याच्या जिममध्ये कुलपात असायचा.

दादाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हा किडनी कोण देणार हा प्रश्नच निघाला नाही. आबांना शुगर. रक्तगट आईचा आणि माझा जुळत होता, त्यात मी पैलवान. "माजा धाकला देतोय की," आबांनी परस्पर सांगून टाकलं. मी मान डोलावली. खरं सांगतो, मी पार टरकलो होतो.

कामशेतच्या लॅबमध्ये रक्त दिलं. क्रिएटिनीन वाढलेलं आलं, म्हणजे किडनी नीट गाळत नसल्याची खूण. पुण्याच्या डॉक्टरांनी कागद पाहून विचारलं, "जिमची पावडर वगैरे घेतोस का?" शेजारच्या खुर्चीत आबा. मी म्हणालो, "नाही." इथपर्यंत नुसती लाज होती, तिला माफी मिळाली असती. महिन्याभरानं परत तपासू, असं डॉक्टर म्हणाले.

जिमच्या ट्रेनरला सांगितलं, तर तो हसायलाच लागला. "अरे, क्रिएटिनचंच अंगात क्रिएटिनीन होतं. आकडा फुगतो, किडनी ठणठणीत असते. डबा बंद कर, तीन-चार आठवड्यांत येईल खाली."

म्हणजे महिनाभर डबा बंद ठेवला की झालं. मी ठेवला नाही. रोज सकाळी पाण्यात पावडर ढवळताना आपण काय करतोय, हे मला पक्कं ठाऊक होतं. तपासणीच्या आठवड्यात तर एका चमच्याचे दोन केले. आकडा पुन्हा वर. "शंका असलेली किडनी आम्ही घेत नाही," डॉक्टर म्हणाले, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. नालायकपणाच तो, दुसरा शब्द नाही.

किडनी आईनं दिली. दादा आता बरा आहे, शेतावर चक्कर मारून येतो. आबांनी मात्र तालीम सोडली. दूध-बदामाचा मारा करून पोराच्या किडन्या आपणच घालवल्या, असं त्यांनी मनाशी धरून ठेवलंय. माझ्याशी बोलताना ते हल्ली खाली बघतात.

आई माझी भाजी वेगळी करते, अळणी. परवा मी म्हणालो, "आई, मला मीठ चालतं गं."

कुशीवरच्या टाक्यांना हात लावत ती उठली आणि माझं ताट स्वतःकडे ओढून वाढू लागली.

"न्हाई बाबा. माजं एकीवर भागतंय. तुज्या दोनी जपाया पायजेत."

मी मान खाली घालून ती भाजी संपवली.