पण वजा जाता

दवाखान्यांसाठी खाटा, चाकांच्या खुर्च्या आणि आधाराच्या काठ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात पणताई आराखडे काढायचं काम करायच्या. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, बाकी कुठे नव्हतं. कोणी नवी कल्पना मांडली की त्या चष्मा कपाळावर सरकवायच्या, कागद जवळ ओढायच्या आणि म्हणायच्या, "छान आहे, पण..."

पुढे जे यायचं ते बहुतेक वेळा खरं असायचं. खाट दुमडते, पण दुमडताना बोट कुठे जाईल? खुर्ची हलकी आहे, पण उतारावर थांबेल का? त्यांच्यामुळे कित्येक अपघात कागदावरच होऊन गेले आणि माणसं बचावली. तरी दुधात पडलेला मिठाचा खडा कोणाला गोड लागतो? लोक त्यांना मानायचे, आणि त्या खोलीत शिरल्या की आपले कागद हळूच उलटे करून ठेवायचे.

ही खोड जुनीच. लहानपणी गोष्ट ऐकतानासुद्धा, "पण राक्षस एवढा मोठा, तर पेटीत मावला कसा?" असं विचारून त्या सांगणाऱ्याला अडवायच्या. पुढे लग्नासाठी स्थळं आली तेव्हाही प्रत्येकापुढे एक पण उभा राहिला आणि लग्न राहून गेलं. त्याचं त्यांना फारसं वाईट वाटलं नाही. वडील लवकर गेल्यावर त्यांना वाढवलं ते थोरल्या भावाने, दादाने. दादा बसचा ड्रायव्हर. त्याच्याच घरात वरच्या मजल्यावरच्या खोलीत पणताई राहत आणि खाली दादा आणि वहिनी.

दादाच्या डाव्या अंगावरून वारं गेलं तेव्हा घरातली व्यवस्था बदलली. सकाळी खाटेवरून खुर्चीत, दुपारी खुर्चीतून खाटेवर, हे सगळं वहिनी आपल्या अंगावर घेत. एके दिवशी त्यांची कंबर धरली ती सुटेना. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, यापुढे वजन उचलायचं नाही, नाहीतर घरात दोन रुग्ण होतील. पणताई कारखान्यातून एक छोटी क्रेन घरी घेऊन आल्या. माणसाला कापडी झोळीत घालायचं, झोळी आकड्याला अडकवायची आणि दांडा दाबत वर घ्यायचं. दादा एकदा त्या झोळीत लोंबकळला. खाली आल्यावर म्हणाला, "मी गोणी नाही." त्या दिवसानंतर त्याने झोळीला हात लावू दिला नाही.

मग गावाबाहेरच्या शुश्रूषागृहात त्याच्यासाठी खोली बघितली गेली. महिनाअखेर तिकडे जायचं ठरलं. दादा लगेच हो म्हणाला, आणि पणताईंना भीती वाटली ती याचीच. हा माणूस आयुष्यभर चौकाचौकात रहदारीशी भांडत आला होता. असा मुकाट्याने हो म्हणतो म्हणजे काय?

कारखान्यातल्या साहेबांना हे सगळं ठाऊक होतं. क्रेन घरी न्यायला त्यांनीच सांगितलं होतं. "रुग्णाला उचलण्याचं घरगुती यंत्र" हे नवं काम हाती आलं तेव्हा त्यांनी ते मुद्दाम पणताईंच्या टेबलावर ठेवलं. पण सोबत एक नवा नियमही आणला. सकाळी फक्त कल्पना सुचवायच्या, वेड्याविद्र्या का असेनात. कोणी कोणाच्या कल्पनेला नावं ठेवायची नाहीत. चाळणी लावायची ती जेवणाच्या सुट्टीनंतर. आणि सकाळी ज्याच्या तोंडून "पण" निघेल त्याने सगळ्यांसाठी चहा करायचा.

पहिले काही दिवस चहा पणताईंच्याच हातचा झाला. एकदा फक्त वेल्डर "चहा फक्कड झालाय, पण साखर..." म्हणून बसला आणि त्याला उठावं लागलं.

सुचलेली प्रत्येक गोष्ट कार्डावर लिहून भिंतीवर लावायचं काम मोतीकाकांचं. त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं, म्हणून मोतीकाका. ते तोंडातून शब्द बाहेर पडायचा अवकाश, की लिहून मोकळे व्हायचे. भिंत भरत गेली. छताला रूळ लावून माणूस सरकवायचा. हवा भरून फुगणारी गादी. घसरगुंडीसारखी फळी. वेल्डरने तर खाटेलाच चाकं लावा, माणूस हलवायची भानगडच नको, असं सुचवलं. मग पाहुणे आले की रुग्णाने बैठकीच्या खोलीत खाटेसकट जायचं, अशी चर्चा बराच वेळ रंगली. तेही कार्ड भिंतीवर गेलं.

पणताईंचं मात्र एकही कार्ड नव्हतं. साहेबांनी एकदा तसं हसत सांगितलंसुद्धा. त्यांनी प्रयत्न केला नाही असं नव्हे. पेन्सिल घेऊन बसायच्या, एक रेघ ओढायच्या आणि तिथेच मनातला पण जागा व्हायचा. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणतात. पणताईंच्या आडात पाणी भरपूर होतं. पोहरा वर यायच्या आधीच त्या आत वाकून पाणी तपासायच्या, आणि पोहरा तिथेच हेलकावे खात राहायचा. आपल्याला सुचतच नाही की काय, असा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच पडला, आणि तो त्यांना चांगलाच टोचला. दुसऱ्याच्या कल्पनेतलं भोक त्यांना लांबून दिसायचं. स्वतःच्या डोक्यात नेमकं काय चालतं हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

त्या सकाळी साहेब झोळीचा नवा प्रकार समजावत होते. कुठून उचलायचं, किती उचलायचं, कशाने उचलायचं. पणताईंच्या डोळ्यांपुढे दादाचे लोंबकळणारे पाय आले आणि तोंडातून निघून गेलं, "पण उचलायचंच कशाला?"

पणताई स्वतःवरच वैतागल्या आणि चहा करायला गेल्या.

ट्रे घेऊन त्या परत आल्या तेव्हा भिंतीवर एक नवं कार्ड होतं. मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: उचलायचंच कशाला?

"हे कोणाचं?" त्यांनी विचारलं.

"तुमचंच, ताई," मोतीकाका म्हणाले. "सकाळी पण चालत नाही, असा नियम आहे. मी काढून टाकला. उरलं ते लावलं."

पणताई ट्रे हातात धरूनच कार्डाकडे बघत राहिल्या. आपल्याच वाक्याकडे असं परक्यासारखं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. साहेबही बघत होते. मग ते उठले आणि फळ्यावरच्या कामाच्या नावातला "उचलण्याचं" हा शब्द त्यांनी पुसला. नवं नाव लिहिलं, "खाटेवरून खुर्चीत जायचं साधन." एक शब्द गेला आणि भिंतीवरची निम्मी कार्डं एकदम एकाच घरातली भावंडं दिसायला लागली. सगळी उचलणारी.

न उचलता माणूस उठतो तरी कसा? पणताईंना आता तेवढाच नाद लागला. बागेतल्या बाकावरून उठणारी माणसं, दवाखान्याच्या रांगेत बसलेली माणसं, पाटावरून उठणाऱ्या वहिनी, साऱ्यांकडे त्या टक लावून बघू लागल्या. "वन्सं, माझं काही चुकलं का?" असं वहिनींनी शेवटी विचारलं. चुकलं काहीच नव्हतं. पणताईंना दिसलं ते एवढंच, की सरळ वर कोणीच उठत नाही. माणूस आधी पुढे वाकतो. नाक पायाच्या बोटांच्या पुढे गेलं की मागचा भार आपोआप हलका होतो, आणि मग उठणं घडतं.

खात्री करण्यासाठी त्यांनी साहेबांना खुर्चीत पाठ टेकून बसवलं आणि पुढे न वाकता उठायला सांगितलं. साहेबांनी जोर लावला, तोंड लाल केलं, पाय आपटले. उठता येईना. मग कारखान्यातला प्रत्येक जण येऊन करून बघू लागला. जन्मभर रोज उठत आलो आणि कसे उठतो ते ठाऊक नाही, याचं सगळ्यांना मोठं नवल वाटलं.

त्यातून पणताईंचा पहिला आराखडा निघाला. माणसाने बसल्या जागी पुढे वाकून छातीशी असलेल्या उशीवर भार टाकायचा. गुडघ्यांना समोरून टेकू. हाताशी धरायला आडवी दांडी. पुढे वाकलं की सी-सॉच्या फळीसारखा मागचा भाग वर येतो, मग खालचं चाकांचं बूड वळवायचं आणि खुर्चीत टेकायचं. मोतीकाकांनी चित्र नीट काढलं आणि वेल्डरने पाइप, लाकूड आणि जुनी गादी जोडून कच्चा नमुना बांधला. त्याचा नेहमीचा मंत्र एकच होता, "जोडून टाकू."

दुपारची चाळणी मात्र चाळणीच होती. मोठा तक्ता केला. वर प्रत्येक कल्पना, बाजूला कसोट्या: सुरक्षित आहे का, एकट्या माणसाला ढकलता येतं का, दारातून जातं का, पुसायला सोपं का, बनवायला सोपं का. जुन्या क्रेनपेक्षा सरस असेल तर अधिक, कमी पडत असेल तर वजा, सारखं असेल तर शून्य. आपल्या आराखड्याला सगळ्यात जास्त वजा पणताईंनीच दिले. पायांत थोडीही ताकद नसेल त्याला हे चालणार नाही, वजा. गुडघ्याचा टेकू चुकला तर माणूस घसरेल, वजा. स्वतःच्या लेकराला एवढं कडक कोणी तपासत नाही, असं वेल्डर म्हणाला. बेरीज झाली आणि साहेबांच्या नव्या झोळीची सुधारलेली क्रेन पहिली आली.

साहेबांनी खडू खाली ठेवला. तक्ता सांगतो ते ऐकायचं, असं तेच नेहमी म्हणत.

दुपार होती. पण म्हणायला मोकळीक होती.

"पण बसणाऱ्याची कसोटी यात कुठे आहे?" पणताई म्हणाल्या. "ढकलणाऱ्याची आहे, पुसणाऱ्याची आहे, बनवणाऱ्याची आहे. जो बसणार त्याला विचारलंय कोणी?"

साहेबांनी तक्ता वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचला. मग म्हणाले, ओळ घालता येईल, तिच्यात भरायचं काय? आपण सगळे धडधाकट, आपला अंदाज काय कामाचा?

"आमच्या घरी एक आहे," पणताई म्हणाल्या.

रविवारी वेल्डर आणि पणताई नमुना घेऊन घरी पोहोचले. पुढच्या आठवड्यात दादा जायचा होता. त्याची कपड्यांची पेटी भरून दाराशी ठेवलेली होती. वहिनींनी पदराने हात पुसत त्या लाकडी सांगाड्याकडे पाहिलं आणि हे दारातून आत येणार का, एवढंच विचारलं. ते आलं. दादाने तोंड भिंतीकडे वळवलं.

"पुन्हा गोणी का, चिमे?"

"गोणी नाही. वाकायचं तू. वळणार ते."

"मी वाकायचं?"

"हो. तू वाकला नाहीस तर ते जागचं हलणार नाही."

दादाने मान वळवली. पाइपकडे पाहिलं, चाकांकडे पाहिलं, ब्रेक कुठे आहे ते विचारलं. ब्रेक दाखवल्यावर तो जरा सैल झाला. पणताईंनी त्याचे गुडघे टेकूला लावले, वेल्डर मागे हात पसरून उभा राहिला. दादाने उजव्या हाताने दांडी धरली आणि वाकला. सांगाडा कुरकुरला. क्षणभर काहीच झालं नाही, मग त्याचा मागचा भाग गादीवरून सुटला. वहिनींनी कंबर न वाकवता एका हाताने बूड वळवलं. दादा खिडकीजवळच्या खुर्चीत टेकला.

पणताईंना त्याच्या चेहऱ्याकडे बघायचा धीर होत नव्हता, म्हणून त्या गुडघ्यांच्या टेकूकडे बघत होत्या.

"ठीक आहे," दादा म्हणाला. "पण..."

पणताईंनी मान वर केली.

"हे आडवं दांडकं कोणी लावलं? याला धरून गाडी वळते का कधी? इथे गोल पाहिजे."

"जोडून टाकू," वेल्डर म्हणाला.

"केवढं गोल?" पणताईंनी चष्मा कपाळावर सरकवत विचारलं. दादाने उजवा हात हवेत फिरवून दाखवला. बसच्या चाकाएवढं निघालं. "एवढं मोठं दारातून जायचं नाही," त्या म्हणाल्या, आणि दोघे बराच वेळ त्यावरून भांडत राहिले. वहिनी मात्र, परत खाटेवर येतं का तेही बघू या, म्हणाल्या. तेही आलं. मग त्यांनी शुश्रूषागृहात फोन लावला आणि खोली दुसऱ्या कोणाला तरी द्या, असं सांगितलं. पलीकडून कारण विचारलं असावं. "स्टिअरिंग बसल्याशिवाय ते कुठे जाणार नाहीत," वहिनी म्हणाल्या.

सोमवारी मोतीकाकांनी तक्त्यात नवी ओळ घातली. बसणाऱ्याचं म्हणणं काय, हे पणताईंनी सांगितलं तसं त्यांनी लिहून घेतलं: "ठीक आहे, पण गोल पाहिजे." मग पेन हवेत धरून विचारलं, याला अधिक द्यायचा की वजा?

"अधिक," पणताई म्हणाल्या. "आणि काका, इथला पण काढू नका."